नाला रुंद करताय, पण पूल तेवढाच?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

बेळगावात आमच्या शेतातनं जाणारा बळ्ळारी नाला साफ करा, रुंद करा म्हणून आम्ही शेतकरी किती वर्षं ओरडतोय ते सगळ्यांना माहीत आहे, ते परत उगाळत नाही. मला बोलायचंय पुलाबद्दल. आमच्या शिवाराच्या रस्त्यावर पूल म्हणून जे काही आहे ते म्हणजे चार सिमेंट पाइप आणि वरनं माती-डांबर, बस्स. परवा मुलाला घेऊन टेप लावला. पाइप १ मीटरचे, म्हणजे चारींचं तोंड मिळून जेमतेम ३ चौरस मीटर, आणि नाला तिथं १० मीटर रुंद, दीड मीटर खोल, म्हणजे १५ चौरस मीटर. आता १५ चं पाणी ३ मधनं कसं जाणार सांगा की! त्यात केंदाळ (पाण्यावर वाढणारी जलपर्णी), प्लास्टिक, कुणीतरी टाकलेली गादी (खरंच होती) अडकली की पाणी मागं फुगतं आणि थेट भातात शिरतं. २०१९ च्या ऑगस्टात तर बांध कुठला नि नाला कुठला कळत नव्हतं, बासमती कुजून गेली.

जेसीबी लावून नाला कितीही खोल करा, पाइप आहेत त्याच उंचीवर राहिले तर गाळ त्यांच्या मागंच साठणार. ऑफिसात हे सांगितलं तर म्हणाले पूल वेगळ्या खात्याचा. पाण्याला खातं कळतं होय?

भाचा मँचेस्टरकडं असतो, तो सांगत होता तिकडचा रॉचडेल कालवा १९५२ ला बंद झाला, मग रस्ते करताना जागोजागी तो बुजवला नाहीतर पाइपात घातला, आणि परत चालू करायचं ठरल्यावर पुलांचंच काम मोठं निघालं, मोटारवे आडवा आला तिथं शेतकऱ्यांच्या वाटेसाठी ठेवलेल्या बोगद्यातनं कालवा नेला म्हणे. २००२ ला अख्खा ५१ किमी उघडला. त्यांना बोटी न्यायच्या होत्या, आम्हाला बोट नको, नुसतं पाणी गेलं तरी पुरे.

तेव्हा पाइप काढून नाल्याच्या रुंदीचा स्लॅबचा पूल घाला, मधे खांब कमीत कमी, आणि चढ असा ठेवा की भरलेला ट्रॅक्टर मागं येणार नाही. काम मसूर-वाटाणा निघाला की लगेच धरा. दोन-तीन महिने आम्ही लांबनं वळसा घालून जाऊ, तक्रार नाही, पण धूळवाफ पेरणीच्या (पावसाआधी कोरड्या मातीत करतो त्या पेरणीच्या) आधी कामासाठी टाकलेला भराव नाल्यातनं काढलाच पाहिजे, नाहीतर पहिल्याच पावसात तोच बांध होऊन बसतो.

एक शेतकरी, शहापूर शिवार, बेळगाव