केशवराव भोसले नाट्यगृहाच्या रंगमंचाला लाकडी फळ्याच पाहिजेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरचं जळालेलं केशवराव भोसले नाट्यगृह परत उभं करायचं काम चालू आहे, त्याबद्दल पेपरात येईल ते सगळं मी वाचते. दर्शनी भिंत, दगड, छप्पर, खुर्च्या, एसी सगळ्यावर बोलून झालं पण रंगमंचाच्या जमिनीबद्दल कोणच बोलत नाही, म्हणून हे पत्र. मी गारगोटीकडं शाळेतल्या पोरींना लोकनृत्य शिकवते, त्यामुळं माझा सगळा जीव त्या फळ्यांत अडकलाय.

शाहू महाराज १९०२ ला युरोप बघून आले, मग खासबागेत कुस्तीचं मैदान झालं आणि त्याला लागूनच १९१५ ला पॅलेस थिएटर. पैलवान आणि नट एकाच आवारात आणून बसवणारा राजा आपल्याला मिळाला हे केवढं भाग्य! १९५७ ला त्याच थिएटरला गायक नट संगीतसूर्य केशवरावांचं नाव दिलं, आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, उद्या केशवरावांची जयंती आणि आज हे जळालं. अख्खं कोल्हापूर रडलं त्या रात्री.

त्या रंगमंचावर घुंगरू बांधून टाच मारली की फळी खालनं बोलायची. ढोलकीवाल्याला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, ऐकू यायची, मागच्या रांगेत बसलेल्या आयांना पोरींचे पाय ऐकू यायचे, माईक पायाशी ठेवायची गरजच नाही. फळीखाली पोकळी असली की ती जराशी दबते आणि पाय परत वर येतो. आता गावोगावच्या हॉलमध्ये काय केलंय, तर सिमेंटचा कट्टा आणि वर गुळगुळीत फरशी, चार गाण्यांतच पोरींच्या पोटऱ्या भरून येतात, घाम पडला की घसरतात ते वेगळंच. लेझीमवाल्या पोरांचे गुडघे बघा एकदा कुणीतरी.

आगीमुळं आता लाकूडच नको असं कुणी म्हणेल, भीती मलाही कळते. पण त्याला उपाय आहेत की. लाकडाला आग पटकन धरू नये म्हणून लेप मिळतो तो द्या, रंगमंचाखालनं वायरिंग नेऊच नका, स्प्रिंकलर बसवा आणि ते चालतात का हे दरवर्षी तपासा, पोकळीत मोडके सेट आणि पडदे कोंबू देऊ नका. एवढं केलं तरी लाकूड वापरता येतं. फळ्या मुरलेल्या लाकडाच्या घ्या, ओल्या घातल्या तर वर्षात वाकतील. आणि वर चकचकीत पॉलिश अजिबात नको.

महापालिकेला एकच विनंती आहे. जमीन फायनल करायच्या आधी एक दिवस आम्हा नाचणाऱ्यांना, लेझीमवाल्यांना, ढोलकीवाल्यांना तिथं बोलवा, नाचून बघू दे, कुठं जास्त दबतंय कुठं नुसतं ठोकल्यासारखं वाजतंय ते आम्ही तिथल्या तिथं सांगू, आणि त्या दिवशी सुतारांना पण तिथं हजर ठेवा.

— एक लोकनृत्य शिक्षिका, ता. भुदरगड, जि. कोल्हापूर