दोन कोऱ्या चौकटी

लातूर, 10 फेब्रुवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

रविवारी येते म्हणाले आणि आले नाही. आई, फोनवर तू नुसतं "बरं" म्हणालीस; ते दोन दिवस कानात आहे. गुरुवारी आमच्या वृद्धाश्रमाची तपासणी आहे, समाजकल्याण खात्याचे साहेब येणार आहेत. तीन आठवडे मी आणि आमच्या मावश्या टाक्या, कपाटं आणि रजिस्टरं यांतून बाहेर पडलेलो नाही.

बाबा, तुम्ही विचारलंत, म्हाताऱ्या माणसांना जेवूखाऊ घालायच्या जागेची तपासणी कशाला? ज्येष्ठ नागरिकांचा कायदा 2007 साली झाला आणि 2010 ला आपल्या राज्याने त्याचे नियम केले. पण मला कायद्यापेक्षा साधं कारण पटतं. इथल्या निम्म्या माणसांना भेटायला कुणी येत नाही. आमचं काही चुकलं तर विचारणारं घरचं माणूस नाही. मग बाहेरच्या कुणीतरी येऊन विचारायलाच पाहिजे.

कागदांचं फार सांगत नाही. नोंदणी, हिशेब तपासणीचा अहवाल, आगीच्या सिलिंडरची तारीख, सगळं फायलीत लागलंय. पाण्याला मात्र वेळ गेला. 2016 ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे शहर. इथे आजही पाणी भरून घेतलं की माणूस निश्चिंत होतो, ते कसलं आहे हे नंतर. टँकरचं पाणी टाकीत पडलं की टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरिनची पावडर, टाकायचं, अर्धा तास थांबायचं, मग पाण्यात क्लोरिन आहे का हे बघायची ओटी टेस्ट करायची आणि पिवळा रंग आला तरच नळ सोडायचा. आता हे काम एकाच मावशींकडे दिलंय आणि त्या सही केल्याशिवाय नळाला हात लावू देत नाहीत. इन्सुलिनचंही तसंच. ते 2 ते 8 अंशांत राहायला हवं, म्हणून फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवलाय आणि सकाळ-संध्याकाळ आकडा लिहितो. लाईट गेली की कुणी फ्रीज उघडायचा नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते सांगते. औषधांचं रजिस्टर चाळताना गेल्या महिन्यातल्या एका रात्रीच्या दोन चौकटी कोऱ्या सापडल्या. दोन आजोबांची बीपीची रात्रीची गोळी, आणि पुढे सही नाही. त्या रात्री ड्यूटीला एकच मावशी होत्या. तिसऱ्या खोलीतले आजोबा पलंगावरून पडले, त्यांना घेऊन त्या दवाखान्यात गेल्या. परत आल्यावर गोळ्या दिल्या की नाही, त्यांना आठवत नव्हतं. त्या रडायलाच लागल्या. आमच्यातलंच कुणीतरी म्हणालं, "मॅडम, त्याच पेनने सह्या करून टाका, कोण बघतंय?"

खरं सांगते, मी पेन उचललं होतं. आणि तुमचा हजेरीपट आठवला, बाबा. मी तुमच्याच वर्गात चौथीला होते. विस्तार अधिकारी येणार होते आणि अर्धा वर्ग आई-बापाबरोबर ऊसतोडीला कारखान्यावर गेला होता. सगळ्यांची हजेरी भरा, असं तुम्हाला वरून सांगितलं होतं. तुम्ही भरली नाहीत. रात्री आईला म्हणालात, "पोरं कारखान्यावर हायेत, हे कागदावर दिसलं नाही तर साहेबाला कळणार कसं?" त्या वर्षी तुमच्यावर ताशेरे आले. आई दोन दिवस बोलली नव्हती, तेही आठवतं.

मी सही केली असती तर पुढे काय झालं असतं? डॉक्टर महिन्यातून एकदा येतात आणि याच चौकटी बघून डोस ठरवतात. सगळ्या सह्या दिसल्या आणि बीपी चढलेलं दिसलं, तर ते म्हणणार, गोळी पुरत नाही, वाढवा. न घेतलेल्या गोळीमुळे म्हाताऱ्या माणसाचा डोस वाढायचा, आणि मग ते रात्री लघवीला उठताना चक्कर येऊन पडायचे. चौकटी कोऱ्याच ठेवल्यात. शेजारी शेरा लिहिला: रात्री एकच सेविका, गोळी दिल्याची खात्री नाही. खाली माझी सही आणि शेरा लिहिला त्या दिवसाचीच तारीख. तोच शेरा संस्थेच्या बैठकीत वाचून दाखवला. एक तारखेपासून रात्रपाळीला दोघीजणी असतील. गुरुवारी साहेब त्या पानावर बोट ठेवतील, ठेवू देत.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. आग लागली तर बाहेर कसं पडायचं, याचा सराव घेतला. काठी टेकत सगळ्यांच्या आधी अंगणात आल्या त्या किल्लारीकडच्या आजी. 30 सप्टेंबर 1993 ची ती भूकंपाची पहाट, 3 वाजून 56 मिनिटं. विसर्जन करून गाव निजलं होतं. त्यांच्या घरातली चार माणसं गेली. त्यांनी मागच्या दाराचं कुलूप दाखवलं. "माय, हे काढ आधी. अंधारात किल्ली घावत नसती." ते कुलूप आम्ही विसरभोळ्या आजोबांसाठी लावायचो, ते रात्री उठून बाहेर जातात म्हणून. दोघांचंही खरं होतं. मग कुलूप काढलं, नुसती कडी ठेवली आणि कडीला बैलाच्या गळ्यातलं घुंगरू बांधलं. आजोबांनी दाराला हात लावला की मावशींना जाग येते. आजी आता दाराजवळच्या पलंगावर निवांत झोपतात.

आई, पन्नास माणसांच्या गोळ्यांची नावं मला तोंडपाठ आहेत आणि तुझ्या बीपीच्या गोळीचं नाव माहीत नाही. बाबांना सांगून सगळ्या पाकिटांचे फोटो पाठव, मागची बाजू पण. आणि मागच्या महिन्यात तू मोरीत घसरलीस, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. अशी गोष्ट मला तुझ्याकडून कळू दे.

शनिवारी संध्याकाळच्या गाडीने निघते. मोरीसाठी स्टीलचा कठडा घेतलाय, येताना आणते. बाबा, रविवारी सकाळी गवंड्याला बोलावून ठेवा, आणि आईला उभं करून तिच्या कमरेच्या उंचीवर भिंतीला खडूने खूण करून ठेवा.

तुमची,
लेक