धारूरच्या ताईंना जाहीर आभाराचं पत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, अभ्यास कर" म्हणून फोन ठेवून देता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. डोंगरपट्ट्यातल्या ज्या घरांत यंदा कुणी बारावीला आहे, त्या घरांनाही तुम्ही माझ्यासाठी काय केलं ते कळलं पाहिजे.

मी संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आई आणि अण्णा दरवर्षीप्रमाणे ऊसतोडीला फडावर आहेत. माझ्या शिक्षण शुल्कासाठी त्यांच्या अंगावर एक रुपयाचीही उचल, म्हणजे मजुरीवर आगाऊ घेतलेला पैसा, नाही. हे वाक्य लिहिताना आजही भरून येतं. आमच्याकडं कॉलेजची फी म्हटली की पहिलं नाव मुकादमाचं, म्हणजे ही उचल देऊन टोळी नेणाऱ्याचं, निघतं. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि वाढीव उचल घेतली की ती ऊस तोडूनच फिटणार. एका हंगामात नाही फिटली तर पुढच्या हंगामात, आणि तेव्हाही नाही फिटली तर घरातलं तिसरं माणूस कोयता धरतं. माझ्या धाकट्या भावाचं नाव त्या हिशेबात यायला फार वेळ लागला नसता.

मी पहिल्यांदा दाखले आणि अर्जांच्या तुमच्या केंद्रात आले ती अकरावीत, अधिवासाच्या दाखल्यासाठी. तुम्ही कागद बघत विचारलं, "सायन्स घेतलंय का? पुढं काय करायचंय?" मी इंजिनिअरिंग म्हटलं. मग तुम्ही अण्णांकडं वळून विचारलं, "तुम्ही कारखान्याला कधी जाता?" हा प्रश्न आम्हाला आजवर ना शाळेत कुणी विचारला होता, ना कुठल्या खिडकीवर.

त्या प्रश्नात काय होतं ते मला दोन वर्षांनी नीट कळलं. शिष्यवृत्तीला लागणारे बहुतेक कागद आईबापाच्या सहीचे. उत्पन्नाच्या दाखल्याला वडिलांचं स्वयंघोषणापत्र, जात पडताळणीला वंशावळीचं शपथपत्र, नावात फरक असला की त्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र. आणि आमचे आईबाप दसरा-दिवाळीला गाव सोडतात ते उन्हाळ्यातच परततात. महाडीबीटीवरचे, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे अर्ज भरले जातात, तपासले जातात, त्रुटी काढून परत पाठवले जातात, ते सगळं नेमकं याच महिन्यांत. कारखान्याजवळच्या कोपीत, झोपडीत राहणारा बाप एका सहीसाठी फड सोडून येऊ शकत नाही. खाडा पडतो, मुकादम बोलतो, एसटीचं भाडं वेगळं. मग घरचे म्हणतात, जाऊ दे, पुढच्या वर्षी भरू. आपल्या भागात किती लेकरांची शिष्यवृत्ती पात्र असूनही अशी गेली असेल! आणि लोक म्हणतात, यांना शिकायचंच नसतं. मला त्या बोलण्याचा फार राग येतो.

तुम्ही मात्र सगळी कागदपत्रं हंगामाच्या हिशेबानं लावली होती. तुमच्याकडची ती लांबट वही मला आठवते. कुठलं घर, कोणत्या टोळीत, कोणता कारखाना, निघणार कधी, मागं घरी कोण राहणार, नंबर कुणाचा. केंद्रात आलेल्या माणसाला "उद्या या" म्हणताना तुम्ही आधी ती वही बघायचात.

जात वैधता प्रमाणपत्राचं काम तुम्ही अकरावीतच काढायला लावलं. अण्णा म्हणत होते, बारावी तर होऊ द्या. तुम्ही ठाम होता. पडताळणी समिती जिल्ह्याला, बीडला. पुरावा जुना लागतो, आणि आम्हा ओबीसींना तो १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा असला तर काम सोपं होतं. आमचे आजोबा शाळेची पायरी चढलेले नव्हते. घरात सगळ्यांनी हात टेकले. तुम्ही विचारलं, "आजोबांना भाऊ होते का? त्यांच्यातलं कुणी शाळेत गेलतं का?" धाकटे चुलत आजोबा चौथीपर्यंत शिकलेले निघाले. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या जुन्या रजिस्टरात त्यांची नोंद सापडली. जातीच्या रकान्यासकट. तो प्रवेश निर्गम उतारा मुख्याध्यापकांच्या सहीनं हातात आला तेव्हा अण्णा बराच वेळ त्यावरचं नाव बघत बसले होते. आपल्या माणसाचं नाव सरकारी कागदावर इतकं जुनं आहे, हे त्यांना माहीतच नव्हतं.

दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आत तो उतारा हवा, हेही तुम्हीच सांगितलं होतं. शाळा बंद झाली असती आणि शाळा उघडेपर्यंत अण्णा गेलेले असते.

आधारचं काम तर आम्हाला काम वाटलंच नव्हतं. माझ्या आधारला अण्णांचा नंबर होता. ओटीपी त्यांच्या मोबाइलवर, मोबाइल उसाच्या फडात, आणि फडात रेंज नाही. तुम्ही आधार केंद्रावर पाठवून तेव्हाच्या ५० रुपयांत माझा स्वतःचा नंबर जोडून घ्यायला लावलात. नंतर बँकेचं विचारलंत. खातं आधारला जोडलेलं असणं वेगळं आणि डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यावर येणारे पैसे त्याच खात्यात येणं वेगळं, हे मला तुमच्याकडून कळलं. एका आधारवर असे पैसे एकाच बँकेत जातात, जी शेवटी जोडली गेली तिच्यात. म्हणून तुम्ही बजावलंत, "शहरात गेल्यावर कुणी नवं खातं उघड म्हटलं तर आधार जोडायच्या आधी मला फोन कर." होस्टेलमधल्या दोघी-तिघींचे पैसे अशाच दुसऱ्या खात्यात गेले आणि त्यांना वाटत राहिलं की शिष्यवृत्ती आलीच नाही.

मग २०२४ चा तो जून-जुलै. सीईटीचे मार्क बरे पडले होते. त्याच आठवड्यात एक जण घरी येऊन गेला. कॅप राउंडची, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेशाच्या फेरीची वाट कशाला बघता, थोडे पैसे आत्ता भरा, चांगल्या कॉलेजात सीट पक्की करून देतो, म्हणाला. अण्णा मुकादमाशी बोलायला निघालेच होते. तुम्ही फोनवर त्यांना थांबवलंत. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश झाला तरच शुल्काची सवलत, व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर नाही. एवढं एकच वाक्य तुम्ही त्यांना समजेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगितलंत. त्या फोननं आमच्या घराची पुढची चार वर्षं वाचवली, असं मी मनापासून मानते.

८ जुलै २०२४ ला शासन निर्णय निघाला. ज्या घराचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे अशा ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात आधी ५० टक्के सवलत होती, ती १०० टक्के झाली. तुम्ही त्याची प्रत काढून ठेवली होती, कामाच्या ओळींखाली पेनानं रेघा मारलेल्या. "प्रवेशाला जाताना ही फाइलमध्ये सगळ्यात वर ठेव," म्हणालात. प्रवेशाच्या दिवशी खिडकीवरच्या माणसानं आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत मिळेल, असं सांगितलंच. अण्णांचा चेहरा उतरला. मी ती प्रत पुढं केली आणि तुम्ही शिकवल्याप्रमाणे शांतपणे म्हटलं, पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये अशी शासनाची सूचना आहे, नाही म्हणत असाल तर लेखी द्या. आतून कुणीतरी मोठे साहेब आले, त्यांनी कागद वाचला आणि प्रवेश झाला. विकास शुल्क आणि बाकीची किरकोळ शुल्कं भरावी लागली, पण ती लागणार हे तुम्ही आधीच सांगितल्यामुळं तेवढे पैसे आमच्या गाठीला होते. "सगळं फुकट आहे" असं तुम्ही कधीच कुणाला सांगितलं नाही. काय मिळणार आणि काय खिशातून जाणार हे दोन्ही सांगायचात, त्यामुळं तुमच्या शब्दावर माणसं विसंबतात.

राहण्या-जेवणाचा प्रश्न उरला होता. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तेव्हा मी रडले होते. तुम्ही म्हणालात, नंबर न लागलेल्यांसाठीच तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, आणि संभाजीनगरसारख्या शहरात वर्षाला ५१ हजार मिळतात. भाड्याची खोली, मेस आणि पुस्तकं मी त्यातच बसवते. पैसे उशिरा येतात, हप्त्यानं येतात, तोवर उसनवारी करावी लागते. पण येतात.

माझ्या वर्गातल्या मैत्रिणीला तुम्ही भारत सरकार शिष्यवृत्तीबरोबर स्वाधार या राहण्या-जेवणाच्या मदतीच्या योजनेचा अर्ज करायला लावलात. आमच्या शेजारच्या दादाला राजर्षी शाहू शिक्षण शुल्क योजना आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता सांगितलात. तिघांची जात वेगळी, योजना वेगळ्या, खाती वेगळी. कुणाला काय लागू हे तुम्ही तोंडपाठ सांगायचात आणि कुणाला कमी-जास्त मिळतं यावरून केंद्रात कधी वाद होऊ दिला नाहीत. आपल्या भागात सध्या जातीवरून जे वातावरण आहे, त्यात ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

पहिल्या वर्षी डिसेंबरात माझा अर्ज परत आलाच. उत्पन्नाच्या दाखल्यावर अण्णांचं नाव एक आणि आधारवर थोडं वेगळं. अण्णा तेव्हा कर्नाटकात होते. मी घाबरून तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "निळ्या फाइलच्या शेवटच्या कप्प्यात बघ." नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र तिथं होतं, अण्णांच्या सहीचं, उन्हाळ्यातच करून ठेवलेलं. त्याच संध्याकाळी अर्ज पुन्हा पाठवला. त्या वेळी मला काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. कुणीतरी आपल्या अडचणीचा आपल्याही आधी विचार करून ठेवला आहे, हे मी आयुष्यात पहिल्यांदा अनुभवलं.

या सगळ्यासाठी तुम्ही ठरलेल्या दरापलीकडं एक पैसा घेतला नाहीत. आईनं बाजरी आणून दिली तर तुम्ही तिला बसवून जेवू घातलंत आणि बाजरीचे पैसे मोजलेत. तुमचं केंद्र संध्याकाळी बंद झाल्यावरही आमच्यासाठी उघडं असायचं आणि घरी तुमची लेकरं वाट बघत असायची, हे मला माहीत आहे. त्यांनाही माझे आभार सांगा. त्यांच्या वाट्याचा वेळ आम्ही घेतला.

या वर्षीचं नूतनीकरण मी एकटीनं केलं. कॉलेज स्तरावर आणि विभाग स्तरावर, दोन्हीकडं अर्ज मंजूर दिसतोय. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, तर नवा एप्रिलमध्येच काढायचा हेही लक्षात आहे. आई-अण्णा अक्षय्य तृतीयेच्या आसपास येतील.

तेव्हा धाकट्याला त्यांच्यासोबत पाठवते. तो अकरावी सायन्सला आहे. त्याचं वैधतेचं काम याच उन्हाळ्यात करून घ्या. या वेळी जुनं रजिस्टर शोधत बसावं लागणार नाही, सख्ख्या बहिणीची व्हॅलिडिटी, म्हणजे माझं वैधता प्रमाणपत्र, जोडता येईल. मूळ प्रत त्याच्याकडं देतेय, झेरॉक्स काढून त्याच्याच हाती परत द्या, रस्त्यात कुठं ठेवू नको म्हणावं. आणि त्याच्या आधारला नंबर अजून अण्णांचाच आहे, तो आधी बदलायला सांगा.

तुमची,
डोंगरपट्ट्यातली एक विद्यार्थिनी
छत्रपती संभाजीनगर