थेंब दिले, मग सुई कशाला?

नातीला दीड महिन्याच्या लसी द्यायला गेले होते. रांगेतली एक तरुण आई वैतागून विचारत होती, "पोलिओचे थेंब दिले ना, मग पुन्हा दंडावर सुई कशाला?" तिला उत्तर द्यायला कुणाला सवड नव्हती. प्रश्न मात्र रास्त होता.

थेंबांमुळे बाळाच्या आतड्यात प्रतिकारशक्ती तयार होते, दंडावर टोचलेल्या पोलिओच्या लसीमुळे रक्तात. शिवाय एप्रिल २०१६ पासून थेंबांत पोलिओच्या टाइप-२ विषाणूची लस नसते, त्याच्यापासूनचे संरक्षण या सुईतूनच मिळते. डोस अवघा ०.१ मिली, तोही कातडीत. आईकडून आलेली प्रतिपिंडे सुरुवातीच्या डोसांचा जोर कमी करतात, म्हणून ही सुई सहाव्या व चौदाव्या आठवड्यात देतात आणि २०२३ पासून नवव्या महिन्यातही. मांडीत टोचतात ती पेंटाव्हॅलेंट घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटीस बी आणि हिब (न्यूमोनिया, मेंदुज्वर घडवणारा जिवाणू) यांसाठी असते. तिच्यात पोलिओची लस नसते, आणि नेमका इथेच अनेकांचा घोळ होतो.

एवढी माहिती प्रत्येक लसीकरण केंद्राबाहेर सोप्या मराठीत फलकावर लावावी, ही आरोग्य विभागाला कळकळीची विनंती.

— एक आजी, सातारा