सोयाचा चोथा भाताच्या जागी, भातावर नव्हे

संपादक महोदय,

आयसीएमआर-इंडिॲब पाहणीत (2023) मधुमेहाचे प्रमाण गोव्यात देशात सर्वाधिक, 26.4 टक्के आढळले. सोयादूध किंवा टोफू करून उरणारा चोथा त्यावर उपाय म्हणून सांगितला जातो, ते अर्धेच खरे आहे.

हाताने पिळलेल्या 100 ग्रॅम ओल्या चोथ्यात साधारण 10 ग्रॅम फायबर असते, पण बहुतेक न विरघळणारे. इसबगोलासारखे ते पोटात बुळबुळीत होऊन साखरेचे शोषण लांबवत नाही. खरा फायदा पिठाची किंवा भाताची जागा अडवण्यात. ताटातले शीत तेवढेच ठेवून वर चोथ्याची भाजी वाढली, तर जेवणानंतरच्या साखरेत फारसा फरक पडायचा नाही. वडे-कटलेट तर विसराच; चोथा तेल भरपूर पितो.

चपातीसाठी 150 ग्रॅम कणीक, 75 ग्रॅम ओला चोथा. पाणी आधी घालू नये, चोथ्यातच पाऊण हिस्सा पाणी असते. मळून वीस मिनिटे झाकून ठेवावे. तांदळाच्या किंवा नाचणीच्या भाकरीत चोथा याहून कमी आणि पिठाची उकड काढूनच. नाहीतर थापताना कडा फाटतात.

सोयाबीन कच्चेच वाटून गाळले असेल, तर चोथा 15-20 मिनिटे वाफवणे आवश्यक. कच्च्यात प्रथिनांचे पचन अडवणारा घटक असतो. आपल्या दमट हवेत चोथा काही तासांत आंबतो. फ्रीजमध्ये फार तर दोन दिवस. पावसाळ्यात वाळत घातला की बुरशी ठरलेलीच. त्यापेक्षा जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर मोकळा होईपर्यंत परतावा.

सुरुवात रोज एका चमच्याने करावी, एकदम वाढवल्यास पोट फुगते. थायरॉइडची गोळी आणि सोया यांत चार तासांचे अंतर हवे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी भात अचानक निम्म्यावर आणला, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारावे.

विकतच्या पिठाच्या पाकिटावर ‘हाय फायबर’ लिहायचे तर 100 ग्रॅममागे किमान 6 ग्रॅम फायबर लागते. ‘मधुमेह बरा करते’ असे छापायला तर मनाईच आहे. तसे पाकीट आढळल्यास बिलासह अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी.

– एक आहारतज्ज्ञ, फोंडा