पॅकेज येण्याआधी गावाची कामे शेल्फवर हवीत

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मंदी आली, दुष्काळ पडला किंवा साथ पसरली की सरकार आर्थिक पॅकेज जाहीर करते आणि पुढचे काही दिवस चर्चा होते ती त्याच्या आकड्याची. मे २०२० मध्ये आत्मनिर्भर भारत पॅकेज जाहीर झाले तेव्हाही २० लाख कोटी रुपयांपैकी प्रत्यक्ष खर्च किती आणि कर्जाची हमी किती, यावर बराच खल झाला. तो आवश्यकच होता. परंतु त्यातला जो पैसा खरोखर गावापर्यंत पोहोचतो तो तेथे कोणत्या कामावर पडतो, ते काम कोण सुचवतो आणि पाच पावसाळ्यांनंतर त्यातले काय शिल्लक असते, याविषयी फारच थोडे लिहिले जाते. मृद व जलसंधारणाच्या कामांवर नोकरीची बहुतेक वर्षे काढलेला एक निवृत्त अभियंता म्हणून मला याबाबत एकच गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. ज्या दिवशी निधी येतो त्या दिवशी ग्रामपंचायतीकडे जागा पाहून, मोजमाप करून, ग्रामसभेत ठरवून ठेवलेली कामे असतील, तर थोड्या पैशातूनही गावाचे भले होते. ती नसतील तर कितीही मोठा निधी गावावरून वाहून जातो.

महाराष्ट्राला ही गोष्ट नव्याने शिकण्याची गरज पडू नये, कारण आपण ती पन्नास वर्षांपूर्वी फार मोठी किंमत देऊन शिकलो आहोत. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कामे निघाली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे त्या कामांवर होती. सुकडी (मदत म्हणून मिळणारे पौष्टिक मिश्रण) आणि मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खाऊन त्या पिढीने दिवस काढले. मजुरीने घरे जगवली, लोक तगले, आणि हे यश लहान नव्हते. पण त्या वर्षी कामे एकदम हवी होती आणि तयार आराखडे पुरेसे नव्हते, म्हणून हजारो हातांना खडी फोडण्याखेरीज दुसरे काही देता आले नाही. फोडलेल्या खडीचे ढीग रस्त्याकडेला वर्षानुवर्षे पडून राहिलेले माझ्या वयाच्या लोकांनी पाहिले आहेत. घाईने जागा निवडलेल्या काही पाझर तलावांत पाणी आले नाही, काहींत आले ते मुरले नाही. त्याच दुष्काळात ज्या तालुक्यांत नाला बंडिंगची (ओढ्या-नाल्यांवर बांध घालण्याची) आणि बांधबंदिस्तीची पाहणी आधी झालेली होती, तेथे त्याच मजुरीतून शेतांना ओल मिळाली.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या विचारातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना या अनुभवातून घडत गेली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. नोकरदार आणि व्यावसायिक यांच्याकडून व्यवसाय कर घ्यायचा, तेवढीच भर सरकारने घालायची आणि ग्रामीण भागात मागेल त्याला काम द्यायचे, ही तिची बैठक होती. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या बांधाला हातभार लावण्याची अशी सरळ व्यवस्था त्या काळी देशात दुसरीकडे नव्हती. मात्र माझ्या मते या योजनेतली सर्वांत शहाणपणाची तरतूद तिच्या कमी गाजलेल्या भागात होती. प्रत्येक तालुक्यासाठी मंजूर कामांचा साठा कायम तयार ठेवायचा, म्हणजे कार्यालयीन भाषेत कामे ‘शेल्फवर’ ठेवायची, आणि मजुरांची मागणी आली की त्यातले काम सुरू करायचे. कामाच्या खर्चातला किमान ६० टक्के वाटा अकुशल मजुरीचा असावा, हेही बंधन होते. मागणी वाढली की खर्च आपोआप वाढतो, पाऊसपाणी बरे झाले की मजूर शेताकडे वळतात आणि खर्च उतरतो. सरकारने अर्थव्यवस्थेला चालना देण्यासाठी वेगळी घोषणा करण्याची त्यात गरजच नव्हती.

२००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने हीच तत्त्वे देशभर नेली; ठेकेदारांना मज्जाव, पंधरा दिवसांत मजुरी आणि सामाजिक अंकेक्षण (कामांची व हिशेबाची गावासमोर जाहीर तपासणी) या तरतुदी त्यात होत्या. त्याचे मोल २०२० मध्ये कळले. टाळेबंदीत शहरांतून लोक गावी परतले तेव्हा अर्थसंकल्पातल्या ६१,५०० कोटींवर ४० हजार कोटींची वाढीव तरतूद करण्यात आली आणि २०२०-२१ या वर्षात देशभरात सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवसांचे काम झाले. हे इतक्या झटपट होऊ शकले, कारण ग्रामपंचायतींकडे जॉबकार्डे होती, ग्रामरोजगार सेवक होते, हजेरीपट भरण्याची सवय होती आणि कामांच्या याद्या होत्या. मुंबई, भिवंडी, पुणे अशा शहरांतून आपापल्या राज्यांत परतलेल्या मजुरांसाठी जून २०२० मध्ये सुरू झालेले गरीब कल्याण रोजगार अभियान सहा राज्यांतल्या ११६ जिल्ह्यांत १२५ दिवस चालले, त्याचाही आधार आधीपासून मंजूर असलेल्या योजनांची कामे हाच होता.

तयारी नसेल तर श्रीमंत देशालाही अडचण येते. अमेरिकेने फेब्रुवारी २००९ मध्ये ७८७ अब्ज डॉलरचा कायदा करून तयार प्रकल्पांना आधी पैसा द्यायचे ठरवले आणि पुढच्याच वर्षी अध्यक्ष बराक ओबामा यांना मान्य करावे लागले की, लगेच सुरू होतील अशी कामे प्रत्यक्षात फारशी नसतात. आपल्याकडेही त्याच मंदीच्या काळात, जानेवारी २००९ च्या पॅकेजमध्ये, नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून शहरांना बसखरेदीसाठी मदत मिळाली. बस ही वस्तू विकत घेता येते, म्हणून तो पैसा वेगाने खर्च झाला. पण आगार, सुटे भाग आणि चालक-वाहकांचे पगार यांची सोय त्या त्या शहराच्या परिवहन सेवेवर सोडली गेली.

आता गावपातळीवर प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. निधी आल्याचे कळते ते बहुधा आर्थिक वर्षाच्या उत्तरार्धात. त्यानंतर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश, आणि या सगळ्यावर ‘मार्च एंड’ची टांगती तलवार. मग अशा वेळी कोणते काम निवडले जाते? ज्याचे अंदाजपत्रक एका दिवसात होते ते. म्हणून आपल्या गावोगावी सिमेंटचा अंतर्गत रस्ता, पेव्हर ब्लॉक, सभामंडप आणि प्रवेश कमान ही कामे पुन्हा पुन्हा दिसतात. यांतले एखादे काम खरोखर गरजेचे असतेही. परंतु गावाच्या वरच्या अंगाला गाळाने भरलेला तलाव असतो, पुलाअभावी पावसाळ्यात वाडीवरच्या मुलांची शाळा बुडते, अंगणवाडीच्या छतातून पाणी गळते, आणि ही कामे मागे पडतात ती त्यांना पाहणी लागते, जागेचा सातबारा लागतो, कधी वन विभागाची परवानगी लागते म्हणून. ती पाहणी करायला पैसा नव्हे, वेळ लागतो, आणि पॅकेजच्या वर्षात नेमका वेळच नसतो. सिमेंटचा रस्ता झाल्यावर सहा महिन्यांत नळाच्या वाहिनीसाठी तोच रस्ता खोदला जातो, हेही आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

कामाच्या निवडीचा परिणाम मजुरीवरही होतो. मातीकामावर खर्च झालेला रुपया आठवड्याच्या बाजारात फिरतो: मजुराच्या हातून किराणा दुकानदाराकडे, तेथून शिंप्याकडे, भाजीवालीकडे. सिमेंट, लोखंड आणि जेसीबीच्या डिझेलवर खर्च झालेला रुपया गावात रात्रही काढत नाही. काँक्रीटची कामे करूच नयेत असे मी म्हणत नाही. पूल मातीचा बांधता येत नाही. पण मंदीत लोकांच्या हाती पैसा जावा हा हेतू असेल, तर मजुरीचा वाटा किती हा प्रश्न प्रत्येक कामाला विचारला गेला पाहिजे.

ज्या गावाने आपल्या कामांचा विचार असा आधीच करून ठेवला त्या गावाचे नाव सर्वांना ठाऊक आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर पाऊस मिळतो. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यावर या गावाने स्वतःचा पाच वर्षांचा आराखडा केला, आणि डोंगरावरचे सलग समतल चर, नाला बंड, पाझर तलाव ही कामे बाहेरून आलेल्या सरकारी पैशातूनच केली. रोजगार हमी योजना आणि आदर्श गाव योजना हे त्याचे प्रमुख आधार होते. सरकारी योजना शेजारच्या गावांनाही त्याच होत्या. हिवरे बाजारकडे क्रम ठरलेला होता, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे अडवलेल्या पाण्याचा वापर कसा करायचा याचे नियम ग्रामसभेने केले होते: कूपनलिकांच्या पाण्यावर शेती नाही, ऊस आणि केळी नाही, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवायची. सरकार चर खणून देऊ शकते. खालच्या शेतात काय पेरायचे हे गावालाच ठरवावे लागते. हिवरे बाजारचे कौतुक करताना आपण त्या शिस्तीबद्दल कमी आणि श्रमदानाबद्दल जास्त बोलतो, याचे मला वाईट वाटते.

वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राच्या महसुलातून राज्ये आणि स्थानिक संस्थांना किती वाटा द्यावा हे सुचवणाऱ्या आयोगाचा, निधी हा पॅकेजसारखा एकदाच येणारा नसतो, म्हणून तयारीसाठी तोच खरा आधार आहे. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळात देशातल्या ग्रामपंचायतींसाठी दोन लाख कोटींहून अधिक रकमेची शिफारस केली आणि ती ग्रामपंचायतींकडेच जावी असे सुचवले. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली, मात्र त्यातला ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित ठेवला. बंधित निधीविषयी सरपंचांची तक्रार असते आणि ती पूर्णपणे चुकीची नाही. तरीही पाण्यावर पैसा खर्च व्हावा यासाठी हे बंधन असणे मला योग्य वाटते. मला खटकते ते वेगळेच. निवडून आलेले मंडळ असलेल्या संस्थांनाच हे अनुदान मिळावे अशी अट आहे, आणि महाराष्ट्रात २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांवर वर्षानुवर्षे प्रशासक राहिले. निवडणुका लांबल्या त्या न्यायालयीन वादामुळे, आणि आर्थिक फटका बसला तो ग्रामीण जनतेला. तालुका पातळीवर गावांच्या कामांचा मेळ घालणारे कोणी उरले नाही, हे नुकसान तर रुपयांत मोजताही येणार नाही.

देखभालीचा विषय मी मुद्दाम शेवटी घेतला आहे, कारण बांधकामासाठी पैसा देणारी प्रत्येक योजना तेथेच हात आखडता घेते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमधून टाक्या आणि वाहिन्या झाल्या, पण पंपाचे वीजबिल थकले की नळ कोरडे पडतात. पाझर तलावातला गाळ निघाला नाही तर तलाव काही वर्षांत निकामी होत जातो. आपल्या राज्यातली गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना म्हणूनच मला मोलाची वाटते: तिच्यात नवे काही बांधायचे नसते, जुने जिवंत करायचे असते, आणि निघालेला गाळ शेतकरी आपल्या शेतात नेतो. मंदीच्या काळात तातडीने पैसा खर्च करायचा असेल, तर दुरुस्तीइतके तयार काम दुसरे नाही. जागा ठरलेली असते, परवानगी मिळालेली असते, आणि मजुरीचा वाटा मोठा असतो.

सोळाव्या वित्त आयोगाचा कालावधी १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. त्याच्या पहिल्या वर्षातच राज्य शासनाने प्रत्येक ग्रामपंचायतीकडून, ग्रामपंचायत विकास आराखड्याला जोडून, किमान तीन वर्षे पुरतील इतक्या कामांची मोजमापासह यादी करून घ्यावी, आणि तिची तांत्रिक मान्यता निधी येण्याची वाट न पाहता द्यावी. त्या यादीत निम्मी कामे तरी दुरुस्तीची असावीत. पाहणीसाठी तालुक्याला अभियंते अपुरे आहेत हे मी जाणतो. शाखा अभियंत्यांची रिक्त पदे भरण्याचा खर्च हाही पायाभूत सुविधांवरचाच खर्च धरला जावा. तसेच प्रत्येक कामावर रक्कम, मजुरीचा वाटा आणि देखभालीची जबाबदारी कोणाची हे लिहिलेला फलक असावा.

आपल्या वृत्तपत्राच्या जिल्हा आवृत्त्यांनी १ मे आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभांपूर्वी आपापल्या भागातल्या ग्रामपंचायतींच्या या याद्या मागवून घ्याव्यात आणि ज्या ग्रामपंचायतींकडे यादीच नाही त्यांची नावेही प्रसिद्ध करावीत, अशी माझी नम्र विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अभियंता,
जि. सांगली