श्रीलंका सहल : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, श्रीलंका सहलीचा आरंभ कोलंबोतील गॉल फेस या समुद्रकाठच्या मैदानापासून होईल आणि कँडीचे दलदा माळिगावा, म्हणजेच बुद्धदंत मंदिर पाहून आपण सुमारे १,८६८ मीटर उंचीवरील नुवारा एलियाला पोहोचू. पंचवटीच्या सीतागुंफेत वाकून उतरणाऱ्या आपल्या नाशिककरांना तेथून जवळच असलेले, ओढ्याकाठचे सीता अम्मन मंदिर विशेष जिव्हाळ्याचे वाटेल. म्हणूनच तेथे पुरेसा वेळ राखून ठेवला आहे. बुद्धदंत मंदिरात खांदे व गुडघे झाकणारा पोशाख आवश्यक आहे. डोंगरात संध्याकाळी चांगलाच गारठा पडतो, त्यामुळे ज्येष्ठांनी स्वेटर व कानटोपी आवर्जून घ्यावी. पासपोर्टची मुदत तपासून त्याची छायाप्रत रविवारपर्यंत कार्यालयात जमा करावी, ही विनंती.

– सचिव